इमाम गझाली : एकांतातून पुन्हा कामाकडे

रमजानचा महिना पोटाला उसंत देतो, कामाला देत नाही. ईदचे कपडे वेळेवर द्यायचे असतात, म्हणून शिंप्याचे मशीन याच महिन्यात रात्री उशिरापर्यंत चालू असते. रोजा असलेला रिक्षावाला दुपारच्या उन्हात सवारी नाकारत नाही. शाळेतल्या शिक्षिकेचे तास कमी होत नाहीत. आणि याच महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातला कुणीतरी घर-दुकान सोडून मशिदीच्या कोपऱ्यात पडदा लावून इबादतीला बसतो. त्याला एतिकाफ म्हणतात. एकाच महिन्यात काम वाढते आणि कामापासून दूर होऊन मन एकाग्र करण्याची ओढही वाढते. मग मनात प्रश्न उभा राहतो. मन शांत झाले, समोरच्या क्षणात स्थिरावले, तर उद्या सकाळी कामाला उठण्याची उमेद उरेल का? आणि काम असेच रेटत राहिलो, तर मनाकडे बघायचे कधी? रोजेदारच नव्हे, नामस्मरण करणारा, ध्यानाला बसणारा, विपश्यनेला जाऊन आलेला माणूसही या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

नऊशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका माणसाच्या आयुष्यात असा उभा राहिला, की त्याची वाचाच गेली. तो माणूस म्हणजे इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली. इस्लामी जगात त्यांना हुज्जतुल इस्लाम, म्हणजे इस्लामची सिद्धता देणारा, ही पदवी आहे.

भाकरीसाठी घेतलेली विद्या

गझालींचा जन्म १०५८ साली खोरासान प्रांतातल्या तूस इथे झाला. आजच्या इराणच्या ईशान्येला, मशहद शहराजवळ हे ठिकाण आहे. वडील लोकर कातून विकायचे, अशी हकिकत परंपरेने चालत आली आहे. ते स्वतः शिकलेले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत जाऊन बसण्याची त्यांना आवड होती. मरताना त्यांनी मुहम्मद आणि अहमद ही दोन लहान मुले आणि साठवलेले थोडे पैसे एका सूफी मित्राच्या हवाली केले. मुलांना शिकव, पैसे संपले तरी चालतील, एवढेच त्याला सांगितले. पैसे संपले. मित्र स्वतः फकीर. त्याने मुलांना सांगितले की आता एखाद्या मदरशात दाखल व्हा, तिथे शिकणाऱ्याला राहायला जागा आणि खायला मिळते. पुढे मोठेपणी गझाली या दिवसांबद्दल सांगत, की आपण विद्या मिळवायला गेलो ते अल्लाहसाठी नव्हे, पोटासाठी. पण विद्येनेच दुसऱ्या कुणासाठी राहायला नकार दिला. काम कशासाठी करायचे, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न असा भाकरीपासून सुरू झाला.

त्यांच्या तरुणपणाची आणखी एक गोष्ट सांगतात. जुर्जान इथे शिकून परत येताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझालींची वह्या-टिपणांची पिशवीही गेली. ते सरदाराच्या मागे धावले आणि बाकी सगळे ठेवा, तेवढी पिशवी परत द्या, त्यात माझी सारी विद्या आहे, अशी विनवणी करू लागले. सरदार हसला. पिशवी गेल्यावर जी विद्या जाते ती तुझी कशी, असे त्याने विचारले आणि पिशवी परत दिली. तूसला आल्यावर गझालींनी पुढची तीन वर्षे ती सगळी टिपणे पाठ करण्यात घालवली.

नंतर ते नैशापूरला गेले. तिथे इमामुल हरमैन जुवैनी हे त्या काळचे मोठे पंडित शिकवत होते. १०८५ मध्ये गुरूंचे निधन झाले आणि गझाली सेल्जुक सुलतानाचा वजीर निजामुल मुल्क याच्या छावणीत गेले. तिथे विद्वानांचे वाद रंगत. जिंकणाऱ्याला मान मिळे, खिलत मिळे. गझाली वादात हरत नसत. १०९१ साली वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक म्हणून नेमले. तेव्हा त्यांचे वय तेहेतीस होते.

बगदादची गादी

निजामियाची ती गादी म्हणजे विद्वानाच्या आयुष्यातले शिखर. समोर तीनशेच्या आसपास विद्यार्थी. शहरातले मोठे आलिम ऐकायला येत. खलिफाच्या दरबारात शब्दाला वजन होते. १०९२ मध्ये निजामुल मुल्कचा खून झाला आणि महिनाभरात सुलतान मलिकशाहही वारला. राज्यात भाऊबंदकी माजली, पण गझालींच्या कामात खंड पडला नाही. शिकवून आणि लिहून उरलेल्या वेळात त्यांनी गुरूशिवाय, केवळ ग्रंथ वाचून, दोन वर्षांच्या आत तत्त्वज्ञान पचवले. मग तत्त्वज्ञांच्या काही मतांना विरोध करणारा तहाफुतुल फलासिफा हा ग्रंथ लिहिला. तो १०९५ च्या सुरुवातीला पूर्ण झाला. कामाचा हा झपाटा कुणालाही हेवा वाटावा असा होता.

त्यानंतर त्यांनी सूफींचे ग्रंथ वाचायला घेतले आणि तिथे गाडी अडली. हे शास्त्र वाचून समजते, पण वाचून मिळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. नशेची व्याख्या माहीत असणे आणि नशेत असणे या जशा दोन गोष्टी, तसेच वैराग्याची व्याख्या पाठ असणे आणि विरक्त असणे याही दोन गोष्टी. मग त्यांनी स्वतःकडे पाहिले. आपण जे शिकवतो ते कशासाठी, असे स्वतःला विचारले. उत्तर आले ते कीर्तीसाठी, मानासाठी असे. पुढे आत्मकथेत त्यांनी हे कुठलीही सारवासारव न करता लिहून ठेवले आहे.

१०९५ च्या उन्हाळ्यापासून सहा महिने त्यांची ओढाताण चालली. एक दिवस बगदाद सोडायचे ठरवायचे, दुसऱ्या दिवशी मन बदलायचे. एक पाऊल पुढे, एक मागे. सकाळी परलोकाची तळमळ दाटून यायची, संध्याकाळपर्यंत गादीचा मोह तिला पळवून लावायचा. शेवटी त्यांच्या हातात काही राहिलेच नाही. ते शिकवायला बसले आणि जीभ हलेना. समोर मुले बसली आहेत, त्यांच्यासाठी तरी बोलावे म्हणून प्रयत्न केला, पण शब्द फुटला नाही. मग भूक गेली. पाण्याचा घोट उतरेना, घास पचेना. हकिमांनी नाडी पाहिली आणि सांगितले की हा आजार मनातून शरीरात उतरला आहे; मनाची काळजी मिटल्याशिवाय औषध लागू पडणार नाही.

कामात मन लागत नाही म्हणजे आळस चढला, असे आपण चटकन म्हणतो. गझालींच्या बाबतीत आळसाचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षे त्यांचे काम वाहवाच्या बळावर चालले होते. त्या वाहवाचे पोकळपण दिसले आणि चाक जागच्या जागी थांबले. दुसरे बळ अजून हाती आलेले नव्हते.

नोव्हेंबर १०९५ मध्ये त्यांनी बगदाद सोडले. हजला जातो असे लोकांना सांगितले, मनात मात्र सीरियाला जायचे होते. मुलाबाळांना पुरेल एवढे ठेवून बाकीचा पैसा वाटून टाकला. निजामियातले तास धाकटा भाऊ अहमदकडे सोपवले. शहरात तर्कवितर्क सुरू झाले. अशी गादी कुणी धर्मासाठी सोडतो, हे अनेकांना पटेना. राज्यकर्त्यांशी बिनसले असावे, असे लांबच्या लोकांनी ठरवून टाकले.

मिनाराचे दार

दमास्कसच्या उमय्या मशिदीत ते सकाळी मिनारावर चढत, दार आतून लावून घेत आणि दिवसभर तिथेच बसत. विद्यार्थी नाहीत, वाद नाहीत, कुणी पाहायला नाही. पुढे जेरुसलेमला गेले आणि तिथे कुब्बतुस सख्रा या सोनेरी घुमटाच्या वास्तूत तसेच दार लावून बसू लागले. सीरियाच्या मुलुखात अशी सुमारे दोन वर्षे गेली. याच काळात ते हेब्रॉनला हजरत इब्राहिम यांच्या कबरीपाशी गेले आणि तिथे तीन गोष्टींची शपथ घेतली. राज्यकर्त्याचा पैसा घ्यायचा नाही, राज्यकर्त्याच्या दारात जायचे नाही आणि जिंकण्यासाठी वाद घालायचा नाही. जगण्याच्या ज्या रीतीने त्यांची वाचा बंद पाडली होती, तिची तीन मुळे त्यांनी त्या दिवशी उपटली.

हज करून झाल्यावर मात्र मुलाबाळांची हाक त्यांना घरी घेऊन आली. आपण परत जाऊ, असे आपल्याला कधी वाटले नव्हते, असे ते लिहितात. तूसला येऊनही एकांत सांभाळायचा त्यांनी प्रयत्न केला. पण संसार, मुलांच्या गरजा, पोटापाण्याची चिंता आणि काळाचे तडाखे सतत आड येत. मन पूर्ण निवळल्याचा अनुभव अधूनमधूनच यायचा, हेही त्यांनी लपवलेले नाही. तो निसटायचा, ते पुन्हा प्रयत्न करायचे. असे एकंदर दहा वर्षे चालले. ध्यानाला बसल्यावर मन पळते म्हणून खट्टू होणाऱ्या माणसाला धीर यावा, अशी ही कबुली आहे. गादी सोडलेल्या, मिनारावर बसलेल्या इमामाचेही मन पळत होते.

कामालाच जागा करणारा ग्रंथ

या वर्षांतच इह्या उलूमुद्दीन हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ लिहून झाला. नावाचा अर्थ धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन. त्याची चाळीस प्रकरणे आहेत. एकांतातून आलेला माणूस लोकांना एकांतात बोलावेल, असे वाटते. गझालींनी या ग्रंथात बाजार, लग्न, जेवण, मैत्री, प्रवास यांना स्वतंत्र प्रकरणे दिली. त्यातले एक पूर्ण प्रकरण रोजी-रोटी कमावण्यावर आहे.

त्या प्रकरणात ते सांगतात, की धंदा आणि कारागिरी या फर्ज-ए-किफाया आहेत. म्हणजे समाजावरचे असे कर्तव्य, की काहींनी पार पाडले तर सर्वांवरची जबाबदारी उतरते आणि कुणीच केले नाही तर सगळेच दोषी ठरतात. विणकर, शेतकरी, शिंपी यांनी हात थांबवले तर जगणेच थांबेल. म्हणून सकाळी दुकानाकडे निघताना माणसाने मनात हेतू ठरवावा. हात पसरावा लागू नये, घरच्यांचे पोट भरावे, लोकांची गरज भागावी, हे हेतू मनात घेऊन उघडलेले दुकानही इबादतीच्या रांगेत बसते. मात्र बाजारात सर्वांत आधी शिरून सर्वांत शेवटी निघण्याची हाव नसावी. जुन्या काळच्या कारागिरांची आठवण ते देतात. अजानचा आवाज आला की लोहाराचा उगारलेला हातोडा खाली येत नसे आणि चांभाराची चामड्यात घुसलेली आरी तशीच राहत असे. काम पूर्ण मनाने चालले होते, म्हणूनच ते त्या क्षणी थांबवताही येत होते.

दुसऱ्या एका प्रकरणात दिवसाच्या वेळा कशा वाटाव्यात हे त्यांनी लिहिले आहे. तिथे सर्वांना एकच वेळापत्रक त्यांनी दिलेले नाही. भक्ताचा दिवस वेगळा, शिकवणाऱ्याचा वेगळा, शिकणाऱ्याचा वेगळा, राज्यकर्त्याचा वेगळा आणि हातावर पोट असलेल्या कारागिराचा वेगळा. ज्याच्यावर घर अवलंबून आहे, त्याने मुलाबाळांना उपाशी ठेवून सगळा वेळ जपात घालवू नये. कामाच्या वेळी बाजारात जाऊन कमावणे हाच त्याचा नेम. हात कामात असताना मनात स्मरण ठेवता येते, त्याला कुणी अडवत नाही.

अल्लाहवर भरवसा, म्हणजे तवक्कुल, याचीही त्यांनी नीट फोड केली. समोर वाढलेल्या ताटाकडे हात न नेणे आणि घास आपोआप तोंडात येईल म्हणून थांबणे हा भरवसा नव्हे, वेडेपणा आहे. बी न पेरता पिकाची वाट पाहणेही तसेच. चांगल्या जमिनीत चांगले बी टाकायचे, पाणी द्यायचे, तण काढायचे आणि मग आशा धरायची. शेतकऱ्याच्या हातात जे आहे ते त्याने करून ठेवलेले असते. उरलेल्या गोष्टींची धास्ती सोडणे हाच त्याचा भरवसा.

मनाची रोजची खातेवही

मग ध्यान कुठे बसते? गझालींनी त्याला जागा दिली ती थेट व्यापाऱ्याच्या पेढीवर. मुराकबा हा सूफींचा शब्द. त्याचा अर्थ लक्ष ठेवणे, पाहत राहणे. सूफी परंपरेत ध्यानालाही हाच शब्द आहे. गझाली म्हणतात, व्यापारी भागीदाराच्या हाती भांडवल देतो तेव्हा काय करतो? आधी अटी ठरवतो. मग त्याच्यावर नजर ठेवतो. शेवटी हिशेब घेतो. आपले मन हा आपला भागीदार आणि आयुष्याचे श्वास हे भांडवल. तेव्हा फज्रच्या नमाजनंतर थोडा वेळ शांत बसून मनाशी करार करावा, की आजचा दिवस मिळाला आहे, तो वाया घालवायचा नाही. दिवसभर प्रत्येक कामाआधी क्षणभर थांबून पाहावे, हे मी कुणासाठी करतो आहे? आणि रात्री खातेवही उघडावी. मूळ भांडवल शाबूत राहिले का, नफा झाला की तोटा? तोटा झाला असेल तर मनाची कानउघाडणी करावी आणि दुसऱ्या दिवशी भरपाई करावी.

या रीतीत ध्यान कामाला बाहेर उभे ठेवत नाही. सकाळचा शांत वेळ दिवसाच्या कामाला दिशा देतो. दिवसभराचे भान हेतू गढूळ होऊ देत नाही. आणि रात्रीचा हिशेब उद्याची उमेद शिल्लक ठेवतो, कारण चूक झाली तरी ती त्याच दिवसाच्या खात्यात राहते. गझालींना बगदादमध्ये हेच मिळाले नव्हते. तिथे काम भरपूर होते, हिशेब नव्हता. वर्षानुवर्षांचा हिशेब एकदम समोर आला, तेव्हा जीभ लुळी पडली.

रोजाबद्दल त्यांनी लिहिले आहे तेही याच धाग्यातले. रोजाच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. पहिला, पोटाचा आणि वासनेचा. दुसरा, डोळे, जीभ, कान, हात, पाय यांना वाईटापासून दूर ठेवण्याचा. तिसरा, मनाला क्षुद्र विचारांपासून आवरण्याचा. इफ्तारच्या वेळी दिवसभराचे राहिलेले सगळे एकदम खाऊन वसूल केले तर रोजाने काय साधले, असे ते विचारतात. आणि दिवसा झोपून काढू नये, भूक-तहान जाणवू द्यावी, असेही बजावतात. रोजा जागेपणी व्हायला हवा, हा त्यांचा आग्रह होता.

तीच गादी, दुसरा हेतू

११०६ साली निजामुल मुल्कचा मुलगा फख्रुल मुल्क, जो तेव्हा खोरासानात वजीर होता, त्याने गझालींना नैशापूरच्या निजामियात शिकवण्याचा आग्रह धरला. गझाली पेचात पडले. एकांत सोडला तर जुना रोग उलटेल का? आणि न सोडला तर तो एकांत आहे की आराम? लोकांचा त्रास नको, स्वतःची इज्जत जपावी, म्हणून तर आपण दार लावून बसलो नाही ना, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. मिनाराच्या दाराचाही हिशेब त्यांनी सोडला नाही. जाणत्या मित्रांचा सल्ला घेतला. हिजरी सनाचे सहावे शतक उंबरठ्यावर होते आणि प्रत्येक शतकाच्या आरंभी धर्माला उजाळा देणारा येतो, अशी श्रद्धा होती. मित्रांनी जायला सांगितले. ते गेले.

अकरा वर्षांनी ते पुन्हा विद्यार्थ्यांसमोर बसले. ही परत येण्याची गोष्ट आहे असे दिसते खरे, पण आपण परत आलेलो नाही, असे त्यांनी आत्मकथेत म्हटले आहे. पूर्वी ते मान मिळवून देणारी विद्या शिकवत होते, आता मान सोडायला लावणारी विद्या शिकवत होते. काम तेच, जागाही तशीच. कामामागचा हेतू मात्र बदलला होता.

हा बदल खरा होता का, याची साक्ष एका समकालीनाने दिली आहे. नैशापूरचे इतिहासकार अब्दुल गाफिर फारसी गझालींना आधीपासून ओळखत होते. तरुण गझाली स्वतःच्या हुशारीच्या गर्वात इतरांना तुच्छ लेखत, हे त्यांना ठाऊक होते. ही नवी नम्रता पाहून त्यांना आधी ते सोंग वाटले. बराच काळ पारखून पाहिल्यावर त्यांनी लिहून ठेवले, की समजूत उलटी निघाली. माणूस खरोखर बदलला होता.

नैशापूरचे काम फार काळ चालले नाही. गझाली तूसला परतले. घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह बांधली. एका बाजूला अभ्यास, दुसऱ्या बाजूला ध्यान, आणि दोन्हींच्या मध्ये त्यांचे घर. कुराणपठण, सूफींची सोबत, शिकवणे आणि नमाज यांत त्यांचा दिवस वाटलेला होता. उतारवयातही हदीसचा अभ्यास त्यांनी नव्याने हाती घेतला.

शेवटच्या वर्षांत बगदादहून बोलावणे आले. तीच निजामिया, तीच गादी. जिच्यावर बसून वाचा गेली, ती आता सन्मानाने समोर आली होती. गझालींनी नम्रपणे नकार दिला. तूसमध्ये शिकणारी दीडशे मुले टाकून जाता येणार नाही, घरच्या माणसांना सोडता येणार नाही आणि हेब्रॉनला घेतलेली शपथ बगदादमध्ये पाळता येणार नाही, ही कारणे त्यांनी कळवली.

डिसेंबर ११११ मधल्या एका सोमवारी पहाटे त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू अहमद यांनी सांगितलेली हकिकत अशी, की त्यांनी वजू केली, नमाज पढली, कफन मागवले, ते डोळ्यांना लावले आणि किब्ल्याकडे पाय करून पडले. उजाडण्याआधी प्राण गेला होता. वय त्रेपन्न. शेजारच्या मदरशात ती दीडशे मुले सकाळच्या धड्यासाठी जागी होण्याची ती वेळ होती.